बाबांची गोष्ट, त्यांच्याच आवाजात: वडिलांच्या आठवणी रेकॉर्ड करण्याची पद्धत

फादर्स डेच्या मागे एका मुलीची खटपट आहे. सोनोरा स्मार्ट डॉड या अमेरिकन बाईंची आई गेल्यावर वडिलांनी, विल्यम स्मार्ट यांनी, सहा मुलांना सांभाळलं. त्यांची आठवण ठेवून सोनोराबाईंनी आग्रह धरला आणि १९ जून १९१० रोजी स्पोकेन शहरात फादर्स डे साजरा झाला. जूनचा तिसरा रविवार अमेरिकेत कायद्याने कायमचा ठरायला १९७२ साल उजाडलं. तारीख मिळायला बासष्ट वर्षं लागली आणि त्या दिवशी करायचं काय, हा घोळ अजून आहेच. शर्ट, पाकीट, पेन. कितीतरी वडिलांच्या कपाटात असे शर्ट घडीही न मोडता पडून असतात.

इथे वेगळं काम सांगतो आहोत. वडिलांना समोर बसवायचं आणि त्यांचं आयुष्य त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवायचं. चार बैठका, प्रत्येक पाऊण ते एक तासाची. त्यानंतर ऐकणं, उतरवून काढणं, फायली लावणं यात आणखी पंधरा-वीस तास जातात. महिनाभरात निवांत होतं. सणाच्या आदल्या रात्री सुरू केलं तर होत नाही.

आधी विचारायचं

अचानक समोर माइक ठेवून चकित करण्याचा बेत रद्द करा. आठवडाभर आधी सांगा, आणि ‘मुलाखत’ हा शब्द टाळा. तो ऐकला की माणूस ताठ बसतो आणि सत्काराला उत्तर देतात तसं बोलायला लागतो.

बहुतेक वडिलांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “माझं काय सांगण्यासारखं आहे? सगळ्यांचं असतं तसंच.” यावर “नाही बाबा, तुम्ही खूप केलंत” म्हटलं की ते आणखी आक्रसतात. त्यापेक्षा विषय त्यांच्यावरून हलवा. “आजोबांबद्दल मला काहीच माहीत नाही. तुमच्याशिवाय कोण सांगणार?” स्वतःबद्दल बोलायला लाजणारा माणूस आपल्या वडिलांबद्दल भरभरून बोलतो, आणि त्यात नकळत स्वतःही येतो.

तीन गोष्टी आधीच स्पष्ट करा: हे कोण ऐकणार, ते कुठे राहणार, आणि नको असलेला भाग ते कधीही काढायला लावू शकतात. तिसरी गोष्ट नुसती म्हणायची नाही, पाळायची आहे.

घरात ‘तू’ म्हणत असाल तर रेकॉर्डिंगमध्येही ‘तू’च म्हणा, ‘अहो बाबा’ म्हणत असाल तर तसंच. एरवी ‘ए बाबा’ म्हणणारी मुलगी माइक लागल्यावर ‘आपण तेव्हा कुठे होतात?’ विचारायला लागली की दोघंही नाटकात गेल्यासारखे होतात.

खोली आणि माइक

फक्त आवाज घ्यावा, की चित्रीकरण करावं? पहिल्या बैठका नुसत्या आवाजाच्या ठेवा, असं आमचं ठाम मत आहे. कॅमेरा लागला की वडील इस्त्रीचे कपडे घालतात आणि बोलणंही इस्त्रीचंच होतं. चित्रीकरणाची खरी जागा पुढे येते.

खोली निवडताना मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागे ‘टणण्ण’ असा नाद उरला, तर खोली घुमते. गादी, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली झोपण्याची खोली बैठकीच्या खोलीपेक्षा जवळजवळ नेहमीच बरी. पंखा बंद. शेजारच्या खोलीतला फ्रिजही तासभर बंद ठेवला तरी चालतो, फक्त नंतर चालू करायचा विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ उतरवा. आपल्या कानाला त्याची सवय झालेली असते, माइकला नसते.

फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर फ्लाइट मोड लावा, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी कॉल येतो. फोन वडिलांच्या तोंडापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. थेट टेबलावर ठेवला तर पेला टेकवल्याचा, बोटं वाजवल्याचा प्रत्येक आवाज लाकडातून आत शिरतो. कॉलर माइक मिळाला तर उत्तम. तो हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर, सर्वांत वरच्या कपड्याला लावा. शर्टच्या आत दडवला की कापडाची खरखर येते, आणि ती नंतर नीटशी काढता येत नाही.

सेटिंग असं ठेवा: वेव्ह फाइल (यंत्रावर WAV असं दिसतं, यात आवाज न गाळता साठवला जातो), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग सुमारे ५२० एमबी होतं, त्यामुळे ३२ जीबीचं मेमरी कार्ड चार बैठकांना पुरून उरतं. एमपी३ जागा वाचवतं, पण आवाजातला काही भाग कायमचा गाळून. वाटण्यासाठी एमपी३ नंतर केव्हाही बनवता येते, उलट दिशेने जाता येत नाही. आवाजाची पातळी अशी लावा की मोठ्याने हसल्यावरही काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. तो शून्याला जाऊन आदळला तर आवाज फाटतो. कमी पातळीचा आवाज नंतर वाढवता येतो, पण फाटलेला पूर्ववत होत नाही.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: हातात धरायच्या अनेक रेकॉर्डरवर लाल बटण एकदा दाबलं की यंत्र फक्त सज्ज होतं, दिवा लुकलुकतो. रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा दाबल्यावर सुरू होतं. म्हणून सेकंदांचा आकडा पळतोय का, ते बघा. दोन मिनिटं काहीतरी बोलून, थांबवून, हेडफोनवर ऐका आणि मगच खरी सुरुवात करा.

सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा आणि दोघांची नावं बोला. फाइलचं नाव कधीतरी बदलेल, आत बोललेलं तसंच राहील. मग तीस सेकंद दोघंही गप्प बसा. खोलीची ही शांतता नंतर संपादनात जोड लपवायला लागते.

काय विचारायचं

“तुमच्या बालपणाबद्दल सांगा” हा प्रश्न विचारायला सर्वांत सोपा आणि उत्तर द्यायला सर्वांत अवघड. एवढ्या मोठ्या गोष्टीचं टोक कुठलं धरायचं? मग उत्तर येतं, “चांगलं होतं. गरिबी होती, पण सुखी होतो.” यात एकही दृश्य नाही.

त्याऐवजी पहिल्या बैठकीत एक मोठा कोरा कागद आणि पेन्सिल द्या आणि वडील दहा वर्षांचे असताना ज्या घरात राहत होते, त्याचा नकाशा काढायला सांगा. दार कुठे, झोपायचं कुठे, दिवा कुठे. चित्र चांगलं येत नाही अशी कुरकुर होईल, होऊ द्या. हात कागदावर गुंतला की नजर तुमच्यावरून हटते आणि जीभ सैल होते. “इथे कोण झोपायचं?” “रात्री हे दार कोण लावायचं?” “या कोपऱ्यात काय होतं?” एवढ्या प्रश्नांवर पाऊण तास सहज निघतो. एक अडचण: “इथे… आणि हे इकडे” असं बोट ठेवून बोलतात, ते नुसत्या आवाजात कळत नाही. तुम्ही लगेच म्हणायचं, “म्हणजे मागच्या दाराच्या डावीकडे.” नकाशावर तारीख घाला आणि तो जपून ठेवा. तो या सगळ्या कामातला फार मोलाचा कागद ठरतो.

दुसऱ्या बैठकीत वय वर्षं १५ ते ३०. उतारवयातल्या माणसांना मोकळेपणी आठवणी सांगायला लावलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट निघतात, असं मानसशास्त्राच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पहिल्यांदा घडणाऱ्या बऱ्याच गोष्टी याच काळात घडतात: घर सोडणं, पहिली कमाई, पहिला अपमान, लग्न, पहिलं मूल. म्हणून सर्वांत लांब बैठक हीच ठेवा.

इथे वस्तू कामाला येतात. भावनांबद्दल थेट विचारलेलं बऱ्याच वडिलांना रुचत नाही, पण वस्तूबद्दल ते बोलतात. समजा, कपाटात एक जुनं मनगटी घड्याळ आहे. ते हातात द्या आणि असे प्रश्न विचारत जा:

“हे कधी घेतलं?”
“कुठल्या पैशांतून?”
“घ्यायला बरोबर कोण होतं?”
“घरी आल्यावर आधी कुणाला दाखवलं?”
“ते काय म्हणाले?”

पहिल्या प्रश्नाला साल मिळेल. चौथ्या-पाचव्यापर्यंत तुमचे आजोबा खोलीत आलेले असतील, आणि त्यांनी शाबासकी दिली की उधळपट्टी म्हणून तोंड फिरवलं, हे कळेल. “आजोबांशी तुमचं नातं कसं होतं?” असं सरळ विचारलं असतं, तर “चांगलं होतं”च्या पुढे गाडी गेली नसती. वस्तू तीनच निवडा. दहा काढून ठेवल्या की प्रदर्शन होतं.

तिसरी बैठक बाप म्हणून घालवलेल्या वर्षांची. यात तुम्ही स्वतः आहात, म्हणून ती नाजूक. “पहिल्यांदा मला हातात घेतलं तेव्हा काय वाटलं?” यापेक्षा “मी झाले ती बातमी तुम्हाला कुणी, कुठे सांगितली?” हे विचारा. “घरखर्चाचा हिशेब कसा बसवायचात?” “असा कुठला महिना आठवतो, की पैसे पुरणार नाहीत असं वाटलं होतं?” “आम्हाला न सांगता काय काय निस्तरलंत?” या शेवटच्या प्रश्नानंतर थांबा, घाई करू नका. वडिलांची घरातली भूमिका बरीचशी अशीच असते, की नीट पार पडली तर कुणाला दिसतच नाही. भरलेला हप्ता, रात्री तपासलेलं कुलूप, न घेतलेली बदली. विचारल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

चौथ्या बैठकीत आईला किंवा वडिलांच्या भावंडांना बोलवा. पहिल्या तीन बैठकांत मात्र बोलवू नका. “अहो, ते साल ते नव्हतं!” असं दाराआडून एकदा आलं की वडील पुढची प्रत्येक गोष्ट आईकडे बघून सांगतात. चौथ्या बैठकीत हेच भांडण हवंहवंसं असतं. एकच लग्न, दोन आठवणी, दोन्ही राहू द्या. फक्त तिथे माइक दोन लागतात, किंवा एकच माइक दोघांपासून समान अंतरावर.

प्रश्न लिहून न्या, पण वाचून दाखवू नका. एका बैठकीला आठ-दहा पुरतात. दोन प्रश्न एका वाक्यात जोडू नका, उत्तर कायम दुसऱ्याचंच मिळतं. “तेव्हा फार वाईट वाटलं असेल ना?” असं उत्तर तोंडात घालू नका, कारण “हो ना” याच्यापुढे काही येत नाही.

गप्प बसणं

हा भाग शिकायला सर्वांत कठीण. वडील थांबले की पुढचा प्रश्न टाकण्याचा मोह होतो. मनात दहापर्यंत मोजा. सहाव्या-सातव्या आकड्याला बऱ्याचदा “आणि एक सांगायचं राहिलं…” असं येतं, आणि ते आधीच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं असतं. ‘हं, हं’ म्हणायची सवय असेल तर मान हलवा. तुमचा हुंकार त्यांच्या शब्दावर बसला की तो वेगळा काढता येत नाही.

साल चुकलं, नाव चुकलं, तर बोलू द्या. वहीत टीप ठेवा आणि बैठक संपल्यावर विचारा. एकच किस्सा तिसऱ्यांदा आला तर “हे सांगितलंत” म्हणू नका. “त्या आधी, सकाळी काय झालं होतं?” असं विचारून त्याच किस्स्यात वेगळ्या दाराने शिरा. पाठ झालेल्या गोष्टीच्या कडेला न सांगितलेलं बरंच असतं.

तासापेक्षा जास्त ओढू नका. आवाज बसायला लागला, वाक्यं तोकडी झाली की थांबा. शेवटचा प्रश्न हलका ठेवा, म्हणजे कुठल्या दुःखात मधेच सोडून उठल्यासारखं होत नाही. आणि यंत्र लगेच बंद करू नका. “झालं” म्हटल्यावर पुढची पाच मिनिटं लोक सर्वांत मोकळं बोलतात. माइक अजून चालू आहे हे मात्र सांगा.

अवघड जागा

जुनं कर्ज, भावाशी तुटलेलं बोलणं, गेलेलं मूल, दारू. अशा ठिकाणी वडिलांचे डोळे भरले तर रेकॉर्डर झटकन बंद करू नका, त्याने काहीतरी चूक झाल्यासारखं वाटतं. पाण्याचा पेला पुढे करा, थांबा, मग विचारा: “पुढे बोलायचं, की आज इथेच थांबू?” ठरवू द्या त्यांना.

“हे कुणाला ऐकवू नकोस” असं म्हणाले तर तो भाग वेगळ्या फाइलमध्ये काढा, मूळ फाइलची वाटायची प्रत त्या भागाशिवाय करा आणि कधीपर्यंत बंद ठेवायचं तेही विचारून घ्या. ज्यांच्याबद्दल बोललं गेलं ती माणसं हयात असतील, तर हे दुप्पट सांभाळायला हवं.

वडिलांशी तुमचंच जमत नसेल, तर ही बैठक हिशेब चुकता करण्याची जागा नाही. तेव्हा प्रश्न नातवाने किंवा सुनेने विचारलेले बरे. खरं तर दहा-बारा वर्षांचा नातू अनेकदा सर्वांत चांगला प्रश्नकर्ता ठरतो, कारण त्याला काहीच माहीत नसतं आणि आजोबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

कमी ऐकू येत असेल, विसर पडत असेल

वयामुळे ऐकू कमी यायला लागतं ते वरच्या पट्टीपासून. त्यामुळे स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं आधी हरवतात. “ऐकू येतं, पण कळत नाही” ही तक्रार त्यातूनच येते. ओरडून उपयोग नाही. सावकाश, जराशा खालच्या पट्टीत बोला, तोंडावर उजेड पडेल असे बसा आणि ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा. श्रवणयंत्र काढायला लावू नका.

स्मृतिभ्रंश असेल तर वरची सगळी रचना बाजूला ठेवा. बैठक पंधरा-वीस मिनिटांची, शक्यतो सकाळची, कारण अनेकांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. “आठवतंय का?” हा प्रश्न पूर्ण वर्ज्य, तो परीक्षेसारखा लागतो. जुना फोटो हातात द्या आणि प्रश्नाऐवजी विधान करा: “हा मुलगा खोडकर दिसतो.” जे येईल ते घ्या, दुरुस्त करू नका. गुणगुणणं, हसणं, तोंडातली एखादी ठरलेली शिवी, हेही रेकॉर्डिंगच आहे.

हातांचं चित्रीकरण

कॅमेरा इथे आणा. प्रत्येक वडिलांच्या हातात एखादं काम मुरलेलं असतं: गाठ मारणं, हत्याराला धार लावणं, सायकलची साखळी बसवणं, हिशेबाची वही मांडणं. ते काम दहा-पंधरा मिनिटं सलग घ्या. फोन आडवा, खिडकीचा उजेड बाजूने, आणि कॅमेरा त्यांच्या खांद्यावरून हातांकडे बघणारा. समोरून घेतलं तर डावं-उजवं उलटं दिसतं आणि बघून शिकता येत नाही. एकदा त्यांच्या नेहमीच्या वेगाने करू द्या, दुसऱ्यांदा सावकाश, बोलत बोलत. “अंदाजाने” म्हणतील तिथे अडवा: किती बोटं? किती ताण? सैल झालं हे कशावरून कळतं?

फायली आणि उतरवणं

त्याच रात्री कार्डवरची फाइल संगणकावर घ्या आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नका. फाइलचं नाव साल-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. पेनड्राइव्ह हे नेण्या-आणण्याचं साधन आहे, साठवण्याचं नाही. हार्ड डिस्क वर्षातून एकदा जोडून, फाइल खरोखर वाजवून बघा. मूळ फाइलला हात लावू नका. काटछाट प्रतीवरच करायची.

एक तासाचं बोलणं हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात. संगणकाकडून मजकूर करून घेता येतो, पण गावांची, माणसांची नावं आणि बोलीतले शब्द तो बिनदिक्कत बदलून टाकतो, म्हणून कानाने तपासणं चुकत नाही. टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखंच वाचता येणाऱ्या पद्धतीत करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उघडतो. बोली सुधारू नका. ‘व्हतं’ म्हणाले असतील तर ‘होतं’ लिहू नका. दर पाच मिनिटांनी समासात वेळ टाका, म्हणजे कागदावरून आवाजाकडे परत जाता येतं.

सोबतचे जुने फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा दोरा मागून हळूहळू सरकवत ते सोडवा, आणि निघतच नसेल तर पानासकट स्कॅन करा.

चार बैठकांतून वीस-पंचवीस मिनिटांचा निवडक भाग करा, कारण तीन-चार तासांचं पूर्ण रेकॉर्डिंग घरातलं कुणी एका दमात ऐकत नाही. तो फादर्स डेला असो, वाढदिवसाला असो, पहिल्यांदा वडिलांना एकट्याला ऐकवा. स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये परका वाटतो, कारण एरवी आपण तो कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहिली दोन मिनिटं “हा माझा आवाजच नाही” यातच जातात. मग ते मान हलवत ऐकतील, आणि कुठेतरी हात वर करून म्हणतील, “थांब, हे असं नव्हतं झालं. मी तेव्हा सांगितलं नाही…”

म्हणून ऐकवायला बसताना दुसरा रेकॉर्डर त्यांना सांगून चालू ठेवा. लाल बटण दोनदा.